‘उलट’ आणि ‘याउलट’: इंग्रजी शोधनिबंधात मी जिथे अडले

उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो आणि पावसाळी लाल कांदा काढला की विकून मोकळं व्हावं लागतं, हे आमच्या निफाड तालुक्यात शाळकरी पोरही सांगेल. मला एवढंच इंग्रजीत लिहायचं होतं. दोन वाक्यं लिहिली, मधे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ घातलं आणि शोधनिबंध पाठवून दिला. तो परत आला. त्रुटी इतरही होत्या, पण त्या ओळीशेजारी परीक्षकांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून आजही जात नाही: लेखक इथे नेमकं काय नाकारतो आहे?

मी काहीच नाकारत नव्हते. मला फक्त दोन कांद्यांमधला फरक सांगायचा होता.

ही चूक कुठून आली ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दप्तरात ती आत्ता असेल. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये पहिल्याच दिवशी आम्हाला झेरॉक्स मिळाली होती. शंभर लिंकिंग वर्ड्स, म्हणजे वाक्यं जोडणारे जोडशब्द, रकाने पाडून. ‘विरोध’ या रकान्यात बट, हाउएव्हर, व्हेअरॅज, नेव्हरदलेस, ऑन द अदर हँड, ऑन द कॉन्ट्ररी, सगळे एकाखाली एक. एका रकान्यात आहेत म्हणजे एकाच अर्थाचे असणार, असं मी धरून चालले. एकच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणून आलटून पालटून वापरत गेले. ती झेरॉक्स तुमच्याकडे असेल तर आजच बाजूला ठेवा. शब्द पाठ होतात, पण कोणता कुठे चालत नाही हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं आणि लिहिताना गरज त्याचीच असते.

परत आलेला निबंध घेऊन मी गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी दुरुस्त करून दिला नाही. म्हणाल्या, “हेच मला मराठीत सांग.”

मी म्हटलं, “उन्हाळ कांदा टिकतो. याउलट, लाल कांदा लवकर सडतो.”

“आता हे सांग: तू माझ्यावर रागावलीस का?”

“नाही मॅडम, उलट बरंच वाटलं.”

“पहिल्या वेळी याउलट म्हणालीस, दुसऱ्या वेळी उलट. का?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाताना एसटीत बसून तेच घोळवत राहिले, आणि ओझर मागे पडेपर्यंत उलगडलं. आपल्या तोंडात हा फरक आधीपासून आहे. ‘याउलट’ म्हणताना समोर दोन वेगळ्या गोष्टी असतात, दोन्ही खऱ्या असतात आणि आपण त्या शेजारी ठेवून दाखवतो. इंग्रजीत तिथे ‘इन कॉन्ट्रास्ट’ येतं. नुसतं ‘उलट’ म्हणताना गोष्ट एकच असते. तिच्याबद्दलचं एक म्हणणं आपण खोडतो आणि खरं काय ते सांगतो. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ची जागा ती.

हे एकदा वाचून सोडू नका, कारण मी समजलं म्हणून सोडलं आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा फसले. तपासायची रीत अशी: त्या जागी मनातल्या मनात “छे, तसं मुळीच नाही” असं म्हणून बघा. ‘चाळीत खालून हवा खेळती ठेवली तर कांद्याचं नुकसान वाढत नाही. छे, तसं मुळीच नाही, ते कमी होतं.’ बसलं, म्हणजे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ चालेल. आता ‘उन्हाळ कांदा टिकतो. छे, तसं मुळीच नाही, लाल कांदा सडतो.’ वाक्य तिथल्या तिथे मोडतं. माझ्या परीक्षकांना माझं वाक्य असंच ऐकू आलं होतं. आधीच्या वाक्यात नकार किंवा खोडण्याजोगं विधान नसेल तर हा शब्दप्रयोग लिहूच नका. अगदी खात्री असली तरी संशोधनाच्या पहिल्या वर्षी लिहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यावाचून काही अडत नाही.

रकान्यातल्या बाकीच्यांनाही मराठीतून ओळखता येतं. ‘व्हेअरॅज’ म्हणजे एकाच वाक्यात बसणारा आपला ‘तर’: हा टिकतो, तर तो सडतो. ‘नेव्हरदलेस’ म्हणजे ‘तरीसुद्धा’. ‘ऑन द अदर हँड’ एकाच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवताना शोभतं: चाळ बांधायला खर्च येतो, दुसरीकडे भाव वाढेपर्यंत थांबता येतं.

‘हाउएव्हर’बद्दल मात्र थोडं थांबते. ‘बट’ दोन वाक्यं जोडतं, ‘हाउएव्हर’ या अर्थी जोडत नाही. ते क्रियाविशेषण आहे. म्हणून दोन पूर्ण वाक्यांच्या मधे स्वल्पविराम देऊन ते घातलं की चूक होते. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, नंतर स्वल्पविराम. आणि सुरुवातीलाच हवं असंही नाही. आपण ‘लाल कांदा मात्र टिकत नाही’ म्हणतो, तसं ते कर्त्यानंतर दोन स्वल्पविरामांत बसवता येतं. मराठी माणसाला ही जागा परकी वाटू नये.

‘जरी-तरी’ची सवय तेवढी आवरा. मराठीत जोडी लागते, इंग्रजीत ‘ऑल्दो’ आलं की पुढे ‘बट’ येत नाही. ‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ येत नाही.

घाबरू नका, मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर मुळीच नाही. उभयान्वयी अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक हे प्रकार आपण शाळेत घोकले आहेत. दोन वाक्यांत नातं कोणतं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नातं आधी ठरवा, शब्द नंतर शोधा. ‘मोरओव्हर’ लिहिताना नवा मुद्दा जुन्याच बाजूचा आणि त्याला आणखी बळ देणारा आहे का ते बघा. चाळीत हवा खेळते, ‘मोरओव्हर’ जिल्ह्यात कांद्याचं क्षेत्र मोठं आहे, असं मी लिहिलं होतं. या दोन मुद्द्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘देअरफोर’ तर त्याहून जोखमीचं. ते लिहिलंत म्हणजे आधीच्या वाक्यातून हे सिद्ध होतं असा दावा केलात, आणि व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. लेखनाच्या चार निकषांपैकी एक ‘कोहिअरन्स अँड कोहिजन’ आहे, म्हणजे पाव गुण त्याचे, हे खरं. म्हणून मुलं २५० शब्दांत पंधरा जोडशब्द कोंबतात. पण गुणांच्या वर्णनात अतिवापर हा दोष म्हणून नोंदलेला आहे, आणि सर्वांत वरच्या पातळीवरची जोडणी वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर क्वचितच यावी अशी अपेक्षा आहे. हॅलिडे आणि रुकैया हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ साली इंग्रजी मजकूर कशाने बांधला जातो त्याचे पाच प्रकार मांडले. जोडशब्द हा त्यांतला फक्त एक. मला इतरांचा जास्त उपयोग झाला. ‘धिस’ एकटं न ठेवता पुढे नाम द्यायचं: हे नुकसान, हा विलंब. मुख्य संज्ञा न लाजता तीच वापरायची. शाळेत शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवलं होतं, म्हणून मी एकाच कांद्याला आधी ‘बल्ब’, मग ‘प्रोड्यूस’, मग ‘कमॉडिटी’ म्हटलं होतं. वाचणाऱ्याला त्या तीन वस्तू वाटल्या.

आता मी एक करते. परिच्छेद लिहून झाला की सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडते आणि मोठ्याने वाचते. जिथे ऐकणारा चुकीच्या वाटेला लागेल तिथेच शब्द परत घालते. पहिल्यांदा केलं तेव्हा एका पानावर चौदा होते, चार उरले. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नका. वाक्य गुळगुळीत होऊन येतं, पण तुमच्या दोन मुद्द्यांत काय नातं आहे हे तुम्हीच पक्कं केलेलं नसेल तर ते कसं ठरवणार? आणि तुमच्या जागी स्वतः लिहून देणारा गाइड चांगला, असंही मानू नका. मॅडमनी त्या दिवशी शब्द बदलून दिला असता तर मी आजही तीच झेरॉक्स उघडून बसले असते. असं विचारणारं माणूस मिळालं नाही तर मित्राला समोर बसवा आणि परिच्छेद मराठीत सांगा. अडखळाल तिथेच इंग्रजीतला सांधा कच्चा असतो.

सुधारलेल्या मसुद्यात माझ्या त्या दोन वाक्यांचं एक वाक्य झालं, मधे नुसतं ‘व्हेअरॅज’. दुसऱ्या फेरीत परीक्षकांच्या बारीकसारीक सूचना तक्त्यांवर आल्या, संदर्भांवर आल्या. त्या ओळीवर काहीच नव्हतं.