अभ्यासिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी: ताण कसा ओळखावा

राज्यसेवेच्या तयारीसाठी मी बीड जिल्ह्यातून पुण्यात आलो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही चौघे कॉट बेसिसवर राहत होतो आणि सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसणे म्हणजेच तयारी, अशी माझी ठाम समजूत होती. पूर्व, मुख्य आणि मुलाखत या टप्प्यांविषयी सांगणारे खूप भेटले. ताणाविषयी कोणी सांगितले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ताण मला आधी शरीरात दिसला. दुसऱ्या प्रयत्नात, पूर्वपरीक्षा पाच आठवड्यांवर आली असताना, मेसचे ताट समोर आले की मळमळायचे, पहाटे तीनला धडधडून जाग यायची आणि राज्यघटनेचे एकच पान चार वेळा वाचूनही डोक्यात काही राहायचे नाही. अभ्यास कमी पडतोय असा अर्थ काढून मी झोप पाच तासांवरून चारवर आणली, आणि त्या वर्षी मला सर्वांत महागात पडलेली चूक तीच होती. संकटाची चाहूल लागली की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. दोन तासांच्या पेपरात ती माणसाला सावध ठेवतात, पण तीच स्थिती महिनोन् महिने राहिली तर झोप, भूक आणि एकाग्रता बिघडते. शिवाय वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, म्हणजे ज्यासाठी जागत होतो तेच मी गमावत होतो.

आप्पांचा फोन रोज साडेनऊला यायचा. ‘जेवलास का?’ एवढेच ते विचारायचे आणि मी ‘हो’ म्हणायचो. एका रात्री अभ्यासिकेच्या जिन्यात उभा असताना तो ‘हो’ तोंडातून निघेना. थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग ते म्हणाले, ‘सकाळच्या गाडीत बस अन् चार दिवस घरी ये.’ घरी मी पहिल्या दिवशी अकरा तास झोपलो. ते चार दिवस वाया गेले असे मला आजही वाटत नाही.

परतल्यावर सात तासांची झोप आणि संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या एवढे दोनच नियम पाळले. किती प्रयत्न द्यायचे आणि त्यानंतर काय करायचे, हेही घरच्यांसोबत बसून ठरवले. माझ्या मते हे पुण्याची गाडी पकडण्यापूर्वीच ठरवावे, कारण निकालाच्या दिवशी असा निर्णय शांतपणे घेता येत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक परतली नाही तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नका, शेजारच्या कॉटवरच्या मित्राला तसे स्पष्ट सांगा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदत सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण चौघांपैकी कोणाला तो कधी लागेल हे सांगता येत नाही.