मुलाचा एक खांदा वर दिसतोय? फऱ्याचा जन्मजात दोष आणि शस्त्रक्रिया

अंघोळीनंतर मुलाला पाठमोरं उभं करा, हात सैल सोडायला सांगा. दोन्ही फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) खालच्या टोकांवर स्केचपेनाने ठिपका द्या आणि उंचीतला फरक पट्टीने मोजा. मग हात बाजूने वर करायला सांगा. एक हात खांद्याच्या रेषेपाशी अडत असेल, मूल अंग वाकवून तो रेटत असेल, तर लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर गाठा. मालिशने फरा खाली येत नाही. त्यात वर्षं घालवू नका.

गर्भात फरा मानेपाशी तयार होतो आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पाठीवर उतरतो. उतरणं अर्धवट राहिलं की हा 'स्प्रेंगेल' दोष. बऱ्याच मुलांत फरा आणि मानेचे मणके यांना जोडणारा हाडाचा किंवा कूर्चेचा पट्टा असतो, आणि तोही हात अडवतो. साध्या एक्सरेत तो निसटू शकतो, म्हणून थ्रीडी सीटी. मणके जुळलेले असणं, कणा वाकडा असणं, मूत्रपिंडाचा दोष हेही सोबत आढळतं. पोटाची सोनोग्राफी टाळू नका.

फरक किरकोळ आणि हात पूर्ण वर जात असेल तर शस्त्रक्रिया नको. फरक 2 सेंटिमीटरहून जास्त किंवा हात अडत असेल तर करावी, शक्यतो वयाच्या 3 ते 8 वर्षांत. त्यानंतर फरा खाली ओढताना गळपट्टीच्या हाडाखाली हाताच्या नसा दबण्याचा धोका वाढतो. म्हणून मोठ्या मुलांत ते हाडही कापावं लागतं.

या शस्त्रक्रियेच्या वुडवर्ड पद्धतीत (1961) मुलाला पालथं झोपवून पाठीच्या मध्यरेषेवर छेद घेतात, फऱ्याचे स्नायू मणक्यांपासून सोडवतात, पट्टा वरच्या आवरणासकट काढतात (आवरण राहिलं तर हाड पुन्हा वाढतं), फरा खाली आणून स्नायू खालच्या मणक्यांशी शिवतात. दोन्ही खांदे तंतोतंत सारखे करण्याचा हट्ट सर्जनपाशी धरू नका. जादा ओढण्यानेच नसा ताणल्या जातात.

पुण्यात ससूनमध्ये दाखवता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

शुद्धीवर आल्यावर मुलाला मूठ वळायला, बोटं फाकवायला, मनगट उचलायला लावा. जमत नसेल किंवा हात बधिर वाटत असेल तर रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवा. सुमारे 3 ते 4 आठवडे हात झोळीत, मग फिजिओथेरपी काही महिने. कंटाळून मध्येच सोडली तर मिळालेली हालचाल पुन्हा आखडते.