बोर्डो मिश्रण: ड्रममध्ये आधी चुना, मग मोरचूद

पावसाळ्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर केवड्याची (डाऊनी मिल्ड्यू या बुरशीरोगाची) भीती असते, तेव्हा बोर्डो हे बुरशीनाशक फवारावंच लागतं. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना पाण्यात कालवायचे, काम एवढंच. पण कशात काय ओतलं यावर औषध होतं की गाळ, ते ठरतं.

एक टक्क्याच्या १०० लिटरसाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो. मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिक ड्रममधल्या ५० लिटर पाण्यात वरच्या अंगाला टांगावा. तळाशी टाकला तर लवकर विरघळत नाही. लोखंडी भांडं वापरू नका. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं, भांडं झिजतं आणि औषधाचा दम जातो.

चुना वेगळ्या भांड्यात विरवा. पाणी शिंपडताच खडा तडकून वाफ निघाली तर कळी ताजी. दुकानातच भुगा झालेल्या चुन्याने हवेतला कर्बवायू ओढून घेतलेला असतो. वजनात भरतो, पण मोरचुदाची आम्लता मारत नाही. बहुतेक बिघाड इथेच होतो. विरवताना चष्मा लावा, वाफेपासून तोंड लांब ठेवा. थंड झाल्यावर पाणी घालून ५० लिटर करा आणि कापडातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं.

आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओता, लाकडी काठीने ढवळत. उलट ओतलं किंवा चुना कोमट असतानाच घाई केली, तर कण जाड पडतात, पानाला धरत नाहीत. नीट जमलेलं मिश्रण आकाशी आणि दाट ढगाळ दिसतं. हे तांब्याचे बारीक कण पानावर चिकटतात आणि ओल लागली की थोडं थोडं तांबं सोडतात. जोडीला जिप्समही तयार होतं, त्याचा त्रास नाही.

फवारण्याआधी घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील. चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. खिळा स्वच्छ निघेपर्यंत पंप भरू नका.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळं झालं की चिकटपणा जातो. अल्कधर्मी असल्याने त्यात दुसरं कीटकनाशक मिसळू नका, बरीचशी त्यात फुटतात. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर एक टक्का मारणं म्हणजे पानं करपवून घेणं. खोड-ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांद्यांना) लावायची पेस्ट मात्र घट्ट: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.