शहरातल्या नदीकाठच्या बागेत निवांत वेळ कसा घालवावा

नदीकाठच्या बागेत गेल्यावर बहुतेक जण फाटकाजवळचे पहिले रिकामे बाक गाठतात आणि थोड्याच वेळात रहदारीच्या आवाजाला कंटाळून उठतात. त्याच बागेत थोडे पुढे गेल्यास बरीच अधिक शांत जागा अनेकदा मिळते, म्हणून प्रथम न बसता बागेतून एक फेरी मारावी आणि ठिकठिकाणी क्षणभर डोळे मिटून नुसते ऐकावे.

जागा निवडताना केवळ अंतरावर विसंबू नये. एकाच ठिकाणी असलेल्या यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे 6 डेसिबलने उतरतो. परंतु वाहनांची अखंड रांग असलेला रस्ता लांबलचक रेषेसारखा असल्याने त्याचा आवाज तेवढ्याच अंतरात केवळ 3 डेसिबलने कमी होतो. झाडांची एखादी विरळ रांगही आवाज फारसा अडवत नाही. मातीचा उंचवटा, दगडी भिंत किंवा रस्त्यापेक्षा बराच खाली गेलेला उतार मात्र आवाजाच्या वाटेत थेट आडवा येतो, आणि म्हणूनच पाण्याच्या पातळीजवळच्या पायऱ्यांवर किंवा भरावाच्या आडोशाला बसणे वरच्या हिरवळीपेक्षा पुष्कळदा सुखाचे ठरते. वाऱ्याचाही विचार करावा: रस्त्याकडून आपल्याकडे वाहणारा वारा आवाज खाली वळवून आणतो, तर नदीकडून रस्त्याकडे जाणारा वारा त्याला वर उचलतो. जवळपास छोटा बंधारा किंवा खडकाळ उथळ प्रवाह असेल, तर त्याच्या शेजारची जागा मी सर्वांत आधी निवडेन. पाण्याचा तो सलग खळखळाट दूरच्या रहदारीची घरघर बरीचशी झाकून टाकतो.

पहाटेची वेळ उत्तम, कारण वाहने कमी असतात आणि पक्षी अधिक बोलके असतात. मात्र निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची हवा तुलनेने उबदार असते. त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि पलीकडच्या काठावरचे बोलणेही स्पष्ट ऐकू येते. आपले बोलणेही तिकडे तसेच पोहोचते, तेव्हा फोनवरचे संभाषण आणि गाणी बागेबाहेरच ठेवावीत, ही माझी मनापासून विनंती आहे.

बसल्यावर निदान पंधरा मिनिटे हलू नये. माणसाच्या चाहुलीने दूर गेलेले पक्षी स्थिर आकृतीला हळूहळू सरावतात. खंड्या मासा टिपून बहुधा त्याच फांदीवर परततो, त्यामुळे तो एकदा दिसलेली फांदी नजरेत धरून ठेवावी. पंख पसरून बसलेला पाणकावळा ते वाळवत असतो. त्याची पिसे पाणी शोषतात, आणि त्यामुळेच त्याला बुडी मारणे सोपे जाते. काठच्या गवतावर बसलेल्या कीटकाने पंख आडवे पसरलेले असतील तर तो बहुधा चतुर आणि पाठीवर मिटलेले असतील तर बहुधा टाचणी. दोघांचेही बालपण पाण्याखाली जाते. पाण्यावर उन्हाची तिरीप येत असल्यास सूर्य पाठीशी राहील अशी दिशा निवडावी.

पक्ष्यांना पाव टाकू नये. त्यात त्यांना लागणारे पोषण पुरेसे नसते आणि उरलेले तुकडे कुजून पाणी बिघडवतात.

प्रवाह वाचण्यातही मोठा आनंद आहे. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाणी वेगवान व खोल असते आणि ते काठ खालून पोखरते; आतल्या बाजूला ते मंदावते आणि वाळू साचवते. काठाच्या टोकाशी बसायचेच असेल तर आतली बाजू बरी, कारण पोखरलेला काठ वरून भक्कम दिसला तरी पायाखालून ढासळू शकतो. वरच्या भागात धरण असल्यास कोरड्या दिवशीही विसर्गामुळे पातळी झपाट्याने वाढू शकते. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा भोंगा ऐकू आला, तर सामान आवरण्यात वेळ न दवडता ताबडतोब वरच्या वाटेवर यावे.