पत्रकारितेसाठी लॅपटॉप घेताय? आधी कीबोर्ड बघा
दुकानात गेल्यावर आधी पाच-दहा मिनिटं टाइप करून बघा. बातम्या लिहून लिहून बोटं तुमचीच दुखणार. मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआउट विंडोजमध्येच असतो, वेगळे पैसे नकोत. ८ जीबी रॅम चालेल, पण पुढे वाढवता येते का ते विचाराच, कारण बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते. फायली साठवायची डिस्क, म्हणजे एसएसडी, ५१२ जीबी घ्या, मुलाखतींचे व्हिडिओ २५६ जीबी बघता बघता गिळतात.

बजेट तोकडं असेल तर ऑफिसांतून निघालेले लेनोवोचे जुने थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड बघा. माझं मत विचाराल तर स्वस्तातल्या नव्यापेक्षा त्यांचा कीबोर्ड सरस. मात्र प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपेक्षा जुना नको, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. पक्कं बिल आणि थोडी तरी वॉरंटी मागून घ्या.