पीएचडीला ‘टाकाऊपासून कार्बन’ हा विषय घेताय? थोडं अनुभवाचं

प्रवेशाचा हंगाम आला की एमएस्सी झालेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, शेतातल्या टाकाऊ मालापासून सक्रिय कार्बन (पाण्यातली द्रव्यं धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा) करायचा आणि सांडपाण्यातली औषधं काढायची, असा विषय घेऊ का?" मी दरवेळी हो म्हणते. विषय खरोखर गरजेचा आहे, खर्च आपल्याकडच्या प्रयोगशाळांना परवडतो आणि कच्चा माल बांधावर पडलेला असतो. मात्र या विषयात कार्बन करणं हा सगळ्यांत सोपा भाग आहे, आणि बरेच जण आपली निम्मी वर्षं तिथेच घालवतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रश्न नीट समजून घ्या. आपण घेतलेली गोळी शरीरात पूर्ण मोडत नाही. तिचा काही भाग लघवीवाटे गटारात आणि तिथून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातो. तिथले जीवाणू सेंद्रिय घाण चांगली खातात, पण अपस्मारावरची कार्बामाझेपिन त्यांच्या हातून जवळजवळ जशीच्या तशी निसटते. कारखान्यांचं पाणी हा आणखी वेगळा विषय. हैदराबादजवळच्या पाटणचेरूमध्ये सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात येत असे. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचं प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते इतकं नसतं. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू कुठे वाढतात, याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता विषय निवडताना पहिला निर्णय कच्च्या मालाचा नसतो, औषधाचा असतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पाण्यापेक्षा तेलकट पृष्ठभागाला जास्त धरतं, त्यामुळे कार्बनवर ते सहज बसतं. कार्बामाझेपिनवर नेहमीच्या पाण्यात कुठलाच भार नसतो, म्हणून पीएच बदलला तरी तिचं वागणं फारसं बदलत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन तर पाण्यातच रमणारं आणि धनभारित. साधा कार्बन त्याला फारसा पकडत नाही, आणि जीवाणूंनी ते मोडलं तरी ग्वानिलयुरिया हा त्याचा तुकडा मागे उरतो. डायक्लोफेनॅकवर शेकडो प्रबंध सापडतील. मधुमेहाच्या आपल्या देशात मेटफॉर्मिनवर मेहनत घेणारे आणखी लोक हवेत, असं मला मनापासून वाटतं.

कच्च्या मालाबद्दल एवढंच सांगते : जे तुमच्या भागात ढिगाने मिळतं आणि ज्याला दुसरा चांगला उपयोग नाही, ते घ्या. कोकणात काजूची टरफलं आणि आंब्याच्या कोयी आहेत. उसाचं बगॅस, म्हणजे गाळपानंतरचा चोथा, मात्र कारखान्याच्या बॉयलरमध्येच जळतं, त्याला ‘टाकाऊ’ म्हणताना विचार करा. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे राख फार. मी विदर्भातली, म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घेतली. कापूस वेचून झाला की ती शेतात पेटवतात, नाहीतर चुलीत जाते.

पऱ्हाटीचे तुकडे धुवायचे, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवायचे, दळून चाळायचे. मग फॉस्फोरिक आम्लात रात्रभर भिजवून, पुन्हा वाळवून, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या भांड्यात) मफल फर्नेसला, म्हणजे बंद विद्युत भट्टीत, ४५० ते ५०० अंशांवर ठेवायचे. झाकण सैल राहिलं तर वरचा थर करडा-पांढरा पडतो. ती राख आहे, कार्बन नव्हे. ती खरवडून बाजूला काढा, खालच्या काळ्यात मिसळू नका. नंतरची धुलाई कंटाळवाणी असते, पण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. गरम डिस्टिल्ड पाण्याने इतकं धुवायचं की निथळणाऱ्या पाण्याचा पीएच उदासीन व्हावा. नंतर धुतलेला कार्बन साध्या पाण्यात तासभर हलवून, गाळून, ते पाणी यूव्हीला (द्रावण किती अतिनील प्रकाश शोषतं हे मोजणाऱ्या यंत्राला) लावून बघा. २७६ नॅनोमीटरला काही दिसलं, तर कार्बनमधूनच काहीतरी सुटतं आहे. डायक्लोफेनॅक नेमकं त्याच तरंगलांबीला मोजतात, म्हणजे पुढची सगळी मोजणी चुकणार.

यापुढचा भाग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला फळ्यावर लिहून दाखवते. डायक्लोफेनॅकचं ५० मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण घ्या, पीएच २ करा आणि कार्बन न टाकता ठेवून द्या. थोड्या वेळाने द्रावण गढूळ होतं. गाळून मोजलं तर बहुतेक औषध ‘गेलेलं’ दिसेल. कुठे गेलं? आम्लात डायक्लोफेनॅकची विद्राव्यता लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम उरते, म्हणून ते साक्याच्या रूपाने बाहेर पडलं आणि फिल्टरवर अडकलं. कार्बनचा त्यात काहीच वाटा नाही. तरीही ‘पीएच २ ला सर्वाधिक काढणी’ असे निष्कर्ष छापून येतात. म्हणून प्रत्येक पीएचला बिनकार्बनचा फ्लास्क ठेवाच. सिप्रोफ्लॉक्सॅसिन उजेडात मोडतं, त्याचे फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळा. सिरिंज फिल्टरही काही औषधं धरून ठेवतो, त्याचीही वेगळी तपासणी करा.

टक्क्यांच्या मागे लागू नका. १०० मिलिलिटर द्रावणात, ५० मिलिग्रॅम प्रति लिटरने, एकूण ५ मिलिग्रॅम औषध असतं. त्यात ०.०५ ग्रॅम कार्बन टाकून ९० टक्के निघालं, तर ग्रॅममागे ९० मिलिग्रॅम धरलं. ०.२ ग्रॅम टाकून ९९ टक्के निघालं, तर ग्रॅममागे २५ सुद्धा नाही. कागदावर दुसरा आकडा जास्त चांगला दिसतो, पण केंद्र चालवणाऱ्याला चौपट कार्बन विकत घ्यावा लागतो. नेहमी दोन्ही आकडे द्या.

कार्बन औषध किती आणि किती वेगाने धरतो हे मांडणाऱ्या समीकरणांबद्दल थोडं. लँगम्युअर १९१८ चं, लागरग्रेन १८९८ चं, आणि ‘हो’ व मॅके या संशोधकांचा छद्म-द्वितीय कोटी या वेगाच्या समीकरणावरचा प्रसिद्ध लेख १९९९ चा. ही सगळी वापरा, पण सरळ रेषेत बसवून आर-वर्ग (जुळणी दाखवणारा आकडा) ०.९९९ आला म्हणून खूश होऊ नका. रेषेत रूपांतर करताना चुकांचं वजन बदलतं. वक्र थेट बसवा, संगणकावर ते आता अवघड नाही. आणि छद्म-द्वितीय कोटी जुळली म्हणजे रासायनिक बंध झाला, हे वाक्य तुमच्या प्रबंधात नसू द्या. चांगला परीक्षक तिथेच थांबतो.

खरी परीक्षा खऱ्या पाण्यात होते. प्रयोगशाळेत आपण मिलिग्रॅममध्ये बोलतो, तर शहरी सांडपाण्यात औषधं बहुधा नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि त्यांच्या जोडीला हजारो पट सेंद्रिय द्रव्य असतं. कार्बनच्या छिद्रांत आधी तीच गर्दी शिरते, एसटीत पुढच्या स्टॉपवर चढणाऱ्याला जागा उरत नाही तसं. प्रक्रिया केंद्राकडून नमुने हवे असतील तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन पहिल्याच सत्रात जा, परवानगीला वेळ लागतो. नमुना बर्फात आणा, हातमोजे आणि चष्मा घाला. इतक्या कमी प्रमाणाला यूव्ही उपयोगाचं नाही. घनप्रावस्था निष्कर्षणाने (औषध घन पदार्थावर धरून थोड्या द्रावकात उतरवून) नमुना संहत करून तो एलसी-एमएस या अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला पाठवावा लागतो, आणि बाहेर एका नमुन्याचे पैसे चांगलेच लागतात. म्हणून बजेटमध्ये ही ओळ पहिल्या दिवसापासून धरा.

औषध शोषलेल्या कार्बनचं पुढे काय, हा प्रश्न मुलाखतीत विचारला गेला नाही तर तुम्ही स्वतः विचारा. तो कचऱ्यात टाकला तर आपण औषध फक्त पाण्यातून मातीत नेलं. तापवून किंवा द्रावकाने धुऊन तो पुन्हा वापरता येतो का, प्रत्येक फेरीत क्षमता किती घटते, धुतलेल्या द्रावकाचं काय करणार, हे प्रबंधात असायलाच हवं.

या कामाला मागणी आहे का? स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून मोठ्या केंद्रांना निवडक सूचक द्रव्यं (ज्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो अशी) ८० टक्के काढणं बंधनकारक आहे. त्या यादीत डायक्लोफेनॅक आणि कार्बामाझेपिन दोन्ही आहेत, आणि ओझोन किंवा सक्रिय कार्बन हेच तिथले मुख्य मार्ग. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात, नेहमीच्या प्रक्रियेनंतर अशी द्रव्यं काढणाऱ्या या चौथ्या टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे जानेवारी २०२० च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. मला हे फार लागलं, कारण मर्यादा नसेल तर चांगल्यात चांगला कार्बनही गोदामात पडून राहतो. तरी सामाईक प्रक्रिया केंद्रं, पर्यावरण सल्लागार कंपन्या, मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची पदं या कामाच्या माणसांना उपलब्ध आहेत. संशोधनातच राहायचं असेल तर नागपूरचं नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि पुण्याचं एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांच्याकडे लक्ष ठेवा. नेट किंवा सेट देऊन ठेवा, आणि पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती चुकवू नका.

मार्गदर्शक निवडताना ‘किती पेपर होतील’ हे विचारू नका. मफल फर्नेस चालू आहे का, एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) आठवड्यातून किती वेळ मिळेल, बीईटी (कार्बनच्या पृष्ठभागाची मोजणी) कुठून करून आणता, हे विचारा. आधीच्या विद्यार्थ्यांच्या वह्या बघायला मागा. कोऱ्या, म्हणजे बिनकार्बनच्या, फ्लास्कच्या नोंदी त्यात नीट असतील तर ती प्रयोगशाळा धरा.

आणि रुजू झाल्यावर पहिली खरेदी म्हणून बाजारातला नारळाच्या करवंटीचा कार्बन मागवा, साधारण १००० आयोडीन अंकाचा (कार्बनचा ग्रॅम किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, तो आकडा). तुमचा कार्बन तयार होण्याआधी त्याच्यावर सगळे प्रयोग एकदा करून घ्या. तुमची मोजणी बरोबर आहे की नाही हे त्यातून कळेल, आणि पुढे पऱ्हाटी असो की काजूची टरफलं, तुलनेला शेजारी ठेवायला एक भरवशाचा नमुना तुमच्याकडे असेल.