महिन्याचा बाजार सुपरमार्केटातून भरताय? या चुका टाळा

महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सांगली-मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही सुपरमार्केटात जा. ट्रॉल्या भरभरून वाहत असतात आणि प्रत्येक ट्रॉलीत त्याच चार-पाच चुका दिसतात. चार माणसांच्या घराचं बिल महागाईने वाढतं हे खरंच, पण पाकिटावरचं वजन न वाचल्यानेही ते तितकंच वाढतं. त्यातही सगळ्यात जास्त फसगत होते ती तेलात.

तेल: किंमत वाचली, वजन नाही

सोयाबीन असो की सूर्यफूल, १ लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. हा आकडा पाठच करा. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा काही वस्तू ठरावीक वजनातच बांधाव्या लागत. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, सरकारी नियमांतली ती अट निघाली आणि बाजारात ८५० ग्रॅम, ८०० मिली अशा पिशव्या आल्या. पिशवीची उंची तीच, चित्र तेच, आत तेल मात्र कमी.

समजा ९१० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आहे आणि शेजारी ८५० ग्रॅमची १३४ ला. दहातले आठ जण १३४ ची उचलतात. किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार, एवढंच गणित मोबाइलवर करा. पहिली किलोला १५४ रुपये पडते, दुसरी जवळजवळ १५८. म्हणजे सहा रुपये वाचवायला गेलेला माणूस किलोमागे चार रुपये जास्त देऊन येतो, आणि महिनाभर करत राहतो.

पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो. तो वाचायची सवय चांगली, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. एक, किलोपेक्षा लहान पाकिटावर तो ग्रॅममागे असतो आणि मोठ्यावर किलोमागे, त्यामुळे ०.३१ दिसलं की मनात ३१० म्हणायचं. दुसरा जास्त महत्त्वाचा: तो दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकान प्रत्यक्षात ज्या किमतीला विकतं तिच्यावर नाही. एमआरपी फुगवून ‘३० टक्के सूट’ दाखवलेल्या मालात म्हणूनच तो कामाचा नाही. तिथे आपलं गणित आपणच करायचं.

मोठं भांडं म्हणजे स्वस्त, हाही गैरसमज. ५ लिटरच्या कॅनमध्ये ४.५५ किलो तेल असतं आणि कॅनची किंमत आपल्याच खिशातून जाते. पाच पिशव्यांपेक्षा कॅन महाग पडल्याचं कितीदा तरी दिसतं.

डब्याची चूक तर गौरी-गणपतीच्या आधी हमखास घडते. दोन डबे शेजारी मांडलेले, दोन्ही ‘पंधराचे’. एकावर १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर. समजा किलोचा २३१० ला आणि लिटरचा २१९० ला. घरातला कर्ता माणूस १२० रुपये वाचले म्हणून लिटरचा डबा खांद्यावर घेतो. १५ लिटर म्हणजे १३.६५ किलो. १ किलो ३५० ग्रॅम तेल तो दुकानातच ठेवून आलेला असतो आणि त्याची किंमत होते २०८ रुपये. वर दिवाळीच्या आधी डबा संपला की घरात ‘तेल फार वापरता’ म्हणून बोलणी बसतात ती स्वयंपाक करणाऱ्या बाईला. चूक डबा निवडणाऱ्याची असते. डब्यावर आकड्यापुढे काय लिहिलंय, किलो की लिटर, हे बोट ठेवून वाचा.

पावसाळ्यात मोठं पाकीट

रवा, मैदा, बेसन, पोहे. जून ते सप्टेंबर या चार वस्तू महिन्याला पुरतील त्यापेक्षा जास्त घेऊ नका, ऑफर कितीही मोठी असो. हवेतला दमटपणा डब्यात शिरतो, रव्याला जाळी धरते, बेसनाला वास येतो. १ किलो बेसन ११० ला आणि २ किलोचं पाकीट २०० ला असेल, तर वाचतात २० रुपये. त्यातलं पाव किलो टाकावं लागलं की २५ गेले. हा हिशेब कोणी करत नाही, कारण फेकलेल्या मालाचं बिल निघत नाही.

रवा आणला त्याच दिवशी कोरडा भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरला तर झाकणाला पाणी सुटतं आणि भाजलेलं वाया जातं. बेसन थोडंच असेल तर फ्रीजमध्ये. जुन्या मालावर नवा माल कधीही ओतू नका. तळाशी राहिलेल्या मूठभर डाळीत किड्यांची अंडी असतात आणि आठवड्याभरात ती नव्या पाच किलोंत पसरतात. डबा रिकामा करा, पुसा, उन्हात ठेवा, मग भरा. याला दहा मिनिटं लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी मोठी पाकिटं घेऊच नयेत.

गहू-ज्वारी उन्हाळ्यात वर्षाची भरण्याची आपली पद्धत चांगलीच आहे. पण सांगलीतल्या गावभाग, सांगलवाडी अशा नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर ती तुमच्यासाठी नाही. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत घराघरांतलं भिजलेलं धान्य रस्त्यावर आलं होतं. वरचा मजला नसेल तर पावसाळ्यापुरतं दोन-दोन महिन्यांचंच घ्या. दर थोडा जास्त पडेल, तो खुशाल द्या.

सुटा माल की बांधलेला

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधलेल्या, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागतो. तुमच्यासमोर मापून दिलेल्या सुट्या मालावर आणि २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावर तो नाही. म्हणून सांगलीच्या गणपती पेठेत सुटी तूरडाळ स्वस्त दिसते. पण स्वस्त दिसली म्हणून एकदम दहा किलो घेऊ नका. आधी अर्धा किलो आणा आणि घरी चाळा. कणी, खडे, पावडर मिळून १५ ग्रॅम निघालं तर ३ टक्के तिथेच गेले. मग एकदा शिजवून बघा. जी डाळ तीन शिट्ट्यांऐवजी सहा शिट्ट्या घेते, ती गॅसवर महाग पडते. या दोन कसोट्यांना उतरली, तर सुटी डाळच घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. घरात कोणी साखर कारखान्याचा सभासद असेल तर सवलतीची साखर येतच असते, तरी ट्रॉलीत पाच किलोची पिशवी पडते. यादी करताना आधी साखरेचा डबा बघा. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहून १०० ग्रॅमच्या पाकिटांतून हळद घेणं तर अजिबात पटत नाही. हंगामात हळकुंडं घेऊन चटणीच्या मिरचीबरोबर तीही दळून आणा. मोड आलेल्या मटकीचं पाकीट नको, कोरडी मटकी भिजवून मोड आणले की वजनाने दुपटीवर जाते. भाजी मंडईतूनच. साबणाच्या ‘चारवर एक मोफत’मध्ये वडी किती ग्रॅमची ते सुट्या वडीशी ताडून बघा. ‘हजाराच्या खरेदीवर साखर सवलतीत’ असेल आणि यादी ८०० ची असेल, तर साखर पूर्ण दराने घ्या आणि बाहेर पडा.

यादी करायची ती डबे उघडून, स्वयंपाकघरात उभं राहून. सोफ्यावर बसून आठवणीने केलेल्या यादीत जिरं दर महिन्याला येतं आणि हिंग राहून जातो.

पहिल्याच महिन्यात बिल निम्म्यावर यावं अशी घाई करणारे दुसऱ्या महिन्यात सगळं सोडून देतात. पहिला महिना काहीच बदलू नका, फक्त बिलं जपा. थर्मल कागदावरची अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. महिनाअखेरीला तीन गोष्टी लाल पेनाने खुणा: काय उरलं, काय टाकलं, काय मधेच वाण्याकडून आणावं लागलं. पुढच्या महिन्यापासून फक्त खुणा केलेल्या वस्तूंचं प्रमाण बदला. चार महिन्यांत तुमच्या घराचा खरा आकडा हाती येतो, आणि तो शेजारच्या घरापेक्षा वेगळा असतो.

बिल काउंटर सोडण्याआधी तपासायचं. सगळं नको, सगळ्यात महाग पाच ओळी पुरेत. बिलावरचा दर रॅकवरच्या चिठ्ठीशी जुळतो का, एकच वस्तू दोनदा पडली नाही ना, ऑफरची वजावट झाली का, एवढंच बघा. रॅकवरची चिठ्ठी बऱ्याचदा शेजारच्या वस्तूची असते, म्हणून चिठ्ठीवरचं वजनही पाकिटाशी जुळवून घ्या. चूक निघाली तर तिथेच सांगा. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नका. एमआरपीपेक्षा जास्त घेतले असतील आणि दुकान ऐकत नसेल तर बिल आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.